उजव्या कडेची खाच

माझा विषय काय, हे सोलापुरात मी आता कुणाला सांगत नाही. पूर्वी सांगायची. 'संगणकाचा इतिहास' म्हटलं की समोरचा आधी हसायचा आणि मग घरातला बंद पडलेला प्रिंटर दुरुस्त करून मिळेल का, असं विचारायचा. होटगी रस्त्यावरच्या आमच्या इमारतीत मी 'कॉम्प्युटरवाल्या मॅडम' आहे. वर्षातून चार-पाचदा कुणाचा तरी विसरलेला पासवर्ड परत मिळवून देते, त्यापलीकडे माझ्याशी कुणाला फारसं बोलायचं नसतं. निवृत्त झाल्यापासून असे दिवस जातात की संध्याकाळपर्यंत मी तोंडच उघडलेलं नसतं. लग्न केलं नाही, आईवडील, म्हणजे आमचे अव्वा आणि अण्णा, गेले, मैत्रिणी मुलांकडे पुण्याला राहायला गेल्या. उरली ती मैंदर्गीची अक्का, माझी थोरली बहीण. दर सोमवारी संध्याकाळी सातला तिचा फोन येतो. आमच्या घरात कन्नड आणि मराठी दोन्ही चालायचं, त्यातलं फोनवरचं पहिलं वाक्य तिनं अजून कन्नडच ठेवलंय. "तंगी, ऊटा आतेनु?" म्हणजे धाकटे, जेवलीस का. मी "झालं" म्हणते. बहुतेक वेळा ते खोटं असतं.

हे लिहायचं कारण अक्काच आहे. या विषयापायी मी वीसेक वर्षं लोकांच्या मुलाखती घेत फिरले आणि सख्ख्या बहिणीला एक प्रश्न विचारला नाही. शेवटी विचारला, तेव्हा तिनं खोटं सांगितलं, आणि तेही माझ्यासाठी. ते खोटं निस्तरताना सोमवारचा फोन कायमचा बंद होतोय की काय, अशी वेळ माझ्यावर आली.

मी कॉलेजात फिजिक्स शिकवायची आणि पुढे कॉम्प्युटरही शिकवायला लागले. या यंत्राचा इतिहास आपण अभ्यासावा असं मनात आलं तेव्हा मी इतिहास विभागात गेले. तिथल्या सरांनी चहा पाजला आणि म्हणाले, "मॅडम, हे कालचं पोर. याला इतिहास कसला?" विज्ञानवाल्यांनी सांगितलं की हे गोष्टी सांगण्याचं काम आहे, तुम्ही इतिहासवाल्यांकडे जा. दोघांनीही इतक्या गोडीनं हात वर केले की मला रागावताही येईना. रागावले ते घरी येऊन, एकटीच.

खरं सांगायचं तर तेव्हा या विषयाला विषय म्हणावं असं जगातही थोडंच होतं. ज्यांनी यंत्रं बनवली तेच म्हातारपणी आठवणी लिहीत आणि पहिलं यंत्र कुणाचं यावर हमरीतुमरीवर येत. हे सगळं मला फोटोकॉपीतून कळायचं. मुंबईच्या एका ग्रंथालयातल्या ओळखीच्या बाई पोस्टानं लेख पाठवायच्या, ते मी नवी पेठेत नेऊन बाइंडिंग करून आणायची. कापडाच्या आणि दागिन्यांच्या गर्दीतून ती जाड वही छातीशी धरून निघाले की मला उगाचच वाटायचं, या सगळ्या रस्त्यावर हे माहीत असलेली मी एकटीच. त्या वयात त्याचा अभिमान वाटायचा. आता ते वाक्य मी मनात येऊ देत नाही.

पुढे पेशानं इतिहासकार असलेली माणसं या कामात आली आणि प्रश्न बदलले. यंत्र कुणी बनवलं यापेक्षा ते कुणी विकलं, कुणी घेतलं, सरकारांना ते कशाला हवं होतं, हे विचारलं जाऊ लागलं. मग लोखंडावरून नजर प्रोग्रामांवर गेली, प्रोग्रामांवरून ते वापरणाऱ्यांवर. मी एकेक वळण दोन-तीन वर्षं उशिरा घेत होते, पण घेत होते. इंटरनेट आलं तसं बाहेरच्या अभ्यासकांना पत्रं लिहू लागले. मी सोलापूरची आहे म्हटल्यावर त्यातला प्रत्येक जण उत्साहानं एकच लिहायचा: म्हणजे तुमच्याकडे जेकार्ड माग आहेत, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारे, तेच तर संगणकाचे पूर्वज! आमच्या चादरीवरच्या फुलापानांत त्यांना संगणकाचा आजोबा दिसायचा. मी सुरुवातीला सभ्यपणे उत्तरं दिली. नंतर एकाला लिहिलं, की आमच्या गल्लीत ते पुठ्ठे ठोकणारे तेलुगू काका पाठदुखीनं हैराण होते आणि त्यांना कुणाचंही पूर्वज व्हायचं नव्हतं. त्याचं पत्र पुन्हा आलं नाही.

माझी अडचण वेगळीच होती. मला माझ्या गावाचा इतिहास लिहायचा होता आणि त्या जुन्या काळात माझ्या गावात संगणकच नव्हता. एका गिरणीच्या कचेरीत सत्तरच्या दशकात पंचिंगची एक खोली होती, तेवढंच. कामगारांची हजेरी, सुताचा माल, हे तिथं कार्डांवर भोकं पाडून नोंदवायचे. कार्डांचे ट्रे भरले की रेल्वेनं पुण्याला जायचे, संगणक तिथं. यंत्राचाच इतिहास लिहायचा म्हटलं तर सोलापूरच्या वाट्याला एक ओळही येत नव्हती.

त्या खोलीत अक्का पाच वर्षं कामाला होती. हे मला माहीत नव्हतं असं नाही. ती सकाळी डबा घेऊन जायची, संध्याकाळी बोटं चोळत यायची. पण अक्का म्हणजे घरातलं माणूस, ती काही इतिहासाचं साधन नव्हे, असं मी धरून चालले होते. मी गिरणीच्या निवृत्त मॅनेजरांना भेटले. त्यांनी दोन तास स्वतःबद्दल सांगितलं आणि त्या खोलीतल्या मुलींबद्दल एक वाक्य: "लग्न ठरलं की सोडून जायच्या." मी ते जसंच्या तसं एका दिवाळी अंकातल्या लेखात घातलं. लेख छापून आल्यावर अंक कौतुकानं मैंदर्गीला पाठवला. अक्का फोनवर म्हणाली, "लई छान लिव्हलंस." मी खूश झाले.

गिरणी बंद झाली तेव्हा कचेरीतले कागद रद्दीत गेले. तिथला रद्दीवाला मला ओळखायचा. एक दिवस त्याचा फोन आला, "म्याडम, तुमारे छेदवाले कागजां आए. बच्चे खेल रए थे, छुड़ाके रख्या मैं." पोरांच्या हातून सोडवलेली ती कार्डं, दोन खोकी भरून, मी रिक्षातून घरी आणली. एकेक पुसून यादी केली. प्रत्येक कार्डावर ऐंशी रकाने आणि त्यांत भोकं. पण जवळजवळ सगळ्यांच्या उजव्या कडेला एक छोटी अर्धगोल खाच होती. मी बरीच वर्षं संगणकांच्या पुस्तिका जमवल्या होत्या. त्यांत त्या खाचेबद्दल अवाक्षर नव्हतं. बराच विचार करून मी यादीत लिहिलं: 'उजवी कड उंदरांनी कुरतडलेली.' तीच यादी इंग्रजीत करून परदेशातल्या, संगणकाची जुनी कागदपत्रं जपणाऱ्या एका संग्रहाला पाठवली आणि त्यांनी ती संकेतस्थळावर तशीच लावलीसुद्धा.

तोपर्यंत विषयानं पुन्हा कूस बदलली होती. संगणकासमोर बसलेल्या बायका कोण, कार्डं कुणी मारली, मोठ्या शहरांबाहेर, श्रीमंत देशांबाहेर काय चाललं होतं, यंत्र चालू ठेवणारे हात कुणाचे, हे प्रश्न आता परिषदांच्या मधोमध आले होते. इतकी वर्षं ज्याला मी किरकोळ समजत होते तेच. गेल्या वर्षी एका ऑनलाइन बैठकीत त्या संग्रहाच्या प्राध्यापकबाईंनी मला सरळ विचारलं, "तुमच्या कार्डांच्या खोलीत काम करणारी कुणी हयात आहे का?" पडद्यावर चौकोनाचौकोनात तीस चेहरे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "एक आहेत. शोधावं लागेल." बहीण आहे, असं म्हणायची मला लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात अक्कलकोटहून बस बदलून मी मैंदर्गीला गेले. पिशवीत रेकॉर्डर आणि पंचवीसेक कार्डं. अक्काचे यजमान गेल्याला बरीच वर्षं झाली, मुलगा शेती बघतो. ती ओसरीवर पानाचं तबक घेऊन बसली होती. मी कार्ड हातात दिल्याबरोबर तिनं ते न बघताच उजव्या कडेवरून अंगठा फिरवला.

"बरोबर हाय," ती म्हणाली.

"काय बरोबर आहे?"

"कार्ड. खाच हाय की. म्हंजे तपासलेलं."

मी तिला यादीतल्या उंदरांबद्दल सांगितलं. पोट धरून हसली. डोळे पुसत म्हणाली, "उंदीर न्हाय तंगी. ती मी हाय."

मग तिनं मला समजावलं. खोलीत दोन प्रकारच्या मुली असत. पहिली मुलगी फॉर्म बघून कार्ड मारायची, म्हणजे त्यावर भोकं पाडायची. ते कार्ड आणि तोच फॉर्म दुसरीकडे जायचा. दुसरीनं ते वाचून बघायचं नाही, पुन्हा पहिल्यापासून सगळं मारायचं. तिच्या यंत्रानं नवी भोकं पडत नसत, फक्त जुनी जुळतात का ते कळायचं. जुळलं नाही की यंत्र अडायचं, लाल दिवा लागायचा, आणि मूळ फॉर्म बघून चूक कुणाची ते ठरायचं. सगळं जुळलं तर उजव्या कडेला खाच. अक्का ती दुसरी मुलगी होती. पाच वर्षं तिनं दिवसभर तेच मारलं जे आधी कुणीतरी मारलेलं होतं. तिच्या कामाची खूण म्हणजे ती खाच, आणि ती मी उंदरांच्या नावावर टाकली होती.

"आणि नोकरी का सोडलीस?" मी विचारलं. रेकॉर्डर चालू होता.

"लगीन ठरलं म्हनून सोडली," अक्का म्हणाली. तिनं सुपारी घेतली आणि आम्ही जेवायला उठलो.

घरी येऊन मी ते सगळं उतरवलं. आठ दिवस माझ्या घरात अक्काचा आवाज होता, तेवढं बरं वाटलं. मध्येच माझा आवाज यायचा, कोरडा, परीक्षा घेतल्यासारखा. संग्रहाचा नियम असा, की उतरवलेला मजकूर सांगणाऱ्यानं वाचून, तपासून, सही करायची. म्हणून कागद घेऊन मी पुन्हा मैंदर्गीला गेले.

"वाच आणि सही कर," मी म्हणाले.

अक्कानं कागद माझ्याकडेच सरकवले. "वाचून तपासनं हुतंय व्हय? वाचताना डोळं आपल्याला पायजे तेच बघत्यात. तू धर कागद. मी परत सांगते. जुळतंय का बघ."

आणि तिनं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. मी चष्मा लावून ओळीवर बोट ठेवून बसले. कामावरचा पहिला दिवस जुळला. यंत्रांचा कालवा जुळला. बोटांना हळद लावणं, ट्रे रेल्वेत चढवणं, सगळं जुळत गेलं. शेवटचं पान आलं.

"मग साहेबांनी दोघींची नावं काडली," ती म्हणाली. "पुण्याला पाठवनार हुते, प्रोग्राम लिव्हायला शिकवायला. एक नाव माजं. लई आनंद झाला हुता. पाच वर्सं ज्याच्यासाटी कार्डं मारली तो कॉम्प्युटर कसा दिसतोय, ते तरी बघू. जायला आठ दिवस हुते आनि अव्वाचं एक अंग लुळं पडलं."

माझं बोट ओळीवरून हललं. कागदावर हे नव्हतं.

"अण्णा सैपाकघराच्या दारात आलं. म्हनलं, दोगीतलं एक कोन तरी घरात पायजे. मी हुते, तू हुतीस. मी म्हनलं, मी ऱ्हाते. लगीन त्याच्यानंतर दोन वर्सांनी ठरलं." ती थांबली. "जुळलं का?"

"नाही."

"मग यंत्र अडलं. आता काय करायचं असतंय?"

"मूळ फॉर्म बघायचा," मी म्हणाले.

"तो तुज्याकडं हाय."

होता. पन्नास वर्षं होता. मी तेव्हा एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. अण्णा दारात आले तेव्हा मी परातीत ज्वारीचं पीठ मळत होते. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. माझं वर्ष बुडालं असतं तर बुडालं असतं, पुढच्या वर्षी देता आलं असतं. पुण्याचं बोलावणं पुन्हा येणार नव्हतं, हे मला कळत होतं. मी मान वर केली नाही. पीठ मळतच राहिले, भाकरीला लागतं त्यापेक्षा कितीतरी जास्त. मग मागून अक्काचा आवाज आला.

हे मी अक्काला तिच्याच ओसरीवर सांगितलं, रेकॉर्डर चालू ठेवून. ज्या यंत्राच्या दारातून मी तिला मागं ओढलं त्याच यंत्राची मी अभ्यासक झाले, आणि वर ती लग्नासाठी गेली असं छापलं.

"मग त्या दिवशी लगीन का म्हणालीस?" मी विचारलं.

"तू तसं लिव्हलं हुतंस की अंकात. म्हनलं, तुजं कशाला खोटं पाडा. बाहेरच्या लोकांत तुजं नाव हाय."

मला रडू आलं. अक्कानं मला जवळ घेतलं नाही, समजूतही घातली नाही. तिनं तबक बाजूला सारलं. मग म्हणाली, "दुरुस्त कर, आत्ता, माज्या समोर." मी शेवटच्या पानावरचं लग्नाचं वाक्य खोडलं आणि जे घडलं ते लिहिलं, मी गप्प राहिले त्यासकट. तिनं खाली सही केली. मग तबकातला अडकित्ता उचलला, सगळी पानं एकत्र धरली आणि उजव्या कडेला खाच पाडली. मला बसला पोचवायला ती फाटकापर्यंतही आली नाही.

पुढच्या सोमवारी फोन आला नाही.

सात वाजले, साडेसात वाजले. मी फोन हातात घेऊन बसले होते. आपणच करावा असं दहादा वाटलं, पण काय बोलणार? पानं मी स्कॅन करून पाठवली होती; त्या आठवड्यात संग्रहाचं पत्र आलं: मजकूर अमूल्य आहे, मात्र सगळ्या पानांची उजवी कड फाटलेली दिसते, शक्य असल्यास स्वच्छ प्रत पाठवावी. मी उत्तर लिहिलं की कड फाटलेली नाही, आणि तुमच्याकडच्या कार्डांच्या यादीतलं उंदरांचं वाक्यही कृपया काढून टाका, ती चूक माझी. खाच म्हणजे काय ते चार ओळींत लिहिलं. कुणी पाडली तेही लिहिलं, आणि ती माझी बहीण आहे हे या वेळी लपवलं नाही. त्यांचं आभाराचं लांबलचक पत्र आलं. या विषयात मला आलेलं ते सगळ्यात चांगलं पत्र असेल, पण मी ते अर्ध्यातच बंद केलं. मला वेगळ्याच ठिकाणाहून काही हवं होतं.

त्याच्या पुढच्या सोमवारी सातला फोन वाजला.

"तंगी, ऊटा आतेनु?"

"झालं," मी सवयीनं म्हणाले.

मग अक्का म्हणाली, "परत सांग."

"नाही झालं," मी म्हणाले. "नसतंच होत अक्का. एकटीला करायला नको वाटतं."

"ठावं हाय मला. कर आता. मी फोन धरून बसते."

मी फोन ओट्यावर ठेवला, डब्यातलं ज्वारीचं पीठ परातीत काढलं आणि पाणी घालून मळायला लागले.

"लई मळू नको," पलीकडून अक्का म्हणाली.